वाइड लेन्स आणि निगेटिव्हवरची फ्रेम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सोलापुरात घरच्या डार्करूममध्ये ब्लॅक अँड व्हाइट रोल धुतो, स्वतःचे आणि मित्रमंडळींचेही. जानेवारीत गड्ड्याची, म्हणजे सिद्धेश्वराची, यात्रा आटोपली की रोलांचा ढीग येतो. निगेटिव्ह वाळून हातात पडल्या की पाठोपाठ तेच प्रश्न येतात: फ्रेमा एकमेकींना चिकटल्यासारख्या का दिसतात, वाइडच्या फ्रेमा मोठ्या कशा, कॅमेरा दुरुस्तीला टाकू का. चांगला कॅमेरा विनाकारण उघडला गेल्याचं मी दोन-तीनदा पाहिलंय आणि त्याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून ही उत्तरं एके ठिकाणी लिहून ठेवतोय. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत.

१. वाइड लेन्स लावली की फ्रेम मोठी होते, बरोबर?

आपण ‘फ्रेम’ हा शब्द दोन गोष्टींसाठी वापरतो आणि गोंधळ तिथेच होतो. एक फ्रेम म्हणजे समोरच्या दृश्याचा जेवढा भाग फोटोत येतो तो. वाइड लेन्सने तो खूप वाढतो. त्यासाठीच ती घेतलेली असते. दुसरी फ्रेम म्हणजे निगेटिव्हवर उमटलेला प्रत्यक्ष चौकोन, जो पट्टीने मोजता येतो. तोही अनेक वाइड लेन्सने वाढतो, पण मिलिमीटरच्या काही दशांशांनी. पहिल्या अर्थाबद्दल मुख्यतः प्र. २ आहे. बाकी बहुतेक दुसऱ्या अर्थाबद्दल आहे, कारण त्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही.

२. यात्रेत नंदीध्वज अख्खा बसवायचाय. कुठली लेन्स नेऊ?

एक साधा हिशेब लक्षात ठेवा. ३५ मिमी फिल्मची फ्रेम ३६ मिमी लांब असते. विषयापासूनचं अंतर गुणिले ३६, भागिले लेन्सचे मिमी, एवढं दृश्य फ्रेमच्या लांब बाजूत मावतं. दहा मीटरवरून ५० मिमी लेन्समध्ये ७.२ मीटर येतात, ३५ मध्ये १०.३, २८ मध्ये १२.९ आणि २४ मध्ये १५ मीटर.

नंदीध्वज म्हणजे यात्रेच्या मिरवणुकीत भक्त पेलून नेतात तो उंच सजवलेला खांब. त्याला कॅमेरा उभा धरायचा. मिरवणुकीच्या गर्दीत आठ मीटर मोकळे मिळाले तरी नशीब समजायचं. आठ मीटरवरून ५० मिमीमध्ये जेमतेम ५.८ मीटर उंची मावते, २८ मध्ये १०.३ आणि २४ मध्ये १२ मीटर. ध्वज, तो पेलणारे बाराबंदीतले (बंद बांधायच्या पांढऱ्या अंगरख्यातले) भक्त आणि वर थोडं आकाश हवं असेल तर २४ किंवा २८ न्या. कॅमेरा वर तिरका केलात तर उभ्या रेषा वरच्या बाजूला एकमेकींकडे झुकतील. ते टाळायचं असेल तर एखाद्या घराची माडी गाठा. मालकांना आदल्या दिवशी विचारून ठेवलं तर सहसा नाही म्हणत नाहीत.

३. निगेटिव्हवरचा चौकोन कोण ठरवतं, लेन्स की कॅमेरा?

कॅमेरा. मागचं झाकण उघडून शटर बी वर (बटण दाबून ठेवाल तोवर उघडं राहतं त्या खुणेवर) उघडं धरलंत तर एक आयताकृती खिडकी दिसेल. तिला गेट म्हणतात. लेन्स फिल्मच्या दिशेने गोल प्रतिमा टाकते. त्या गोलातला कुठला भाग फिल्मपर्यंत जाणार हे गेटच्या कडा ठरवतात. ३५ मिमी कॅमेऱ्यात गेट साधारण २४ × ३६ मिमी असतं आणि त्याचा कर्ण ४३.३ मिमी. लेन्सचा गोल एवढा कर्ण झाकेल इतका मोठा असला की झालं.

हे माप काही देवाने दिलेलं नाही. ऑस्कर बार्नाक यांनी सिनेमाच्या १८ × २४ च्या दोन फ्रेमा शेजारी ठेवून २४ × ३६ घेतलं आणि १९२५ मध्ये बाजारात आलेल्या लायकाने ते रुळवलं. निकॉनचा १९४८ चा पहिला कॅमेरा मात्र २४ × ३२ ची फ्रेम घ्यायचा, त्यानंतरचा मॉडेल एम २४ × ३४ ची, आणि २४ × ३६ त्यांनी १९५४ च्या एस२ पासून धरलं. लेन्स कुठलीही लावा, त्या पहिल्या निकॉनमधून ३६ मिमीची फ्रेम निघणार नाही. गेटचा अधिकार इतका पक्का असतो.

४. गेट तेच, फिल्म तीच. मग माझ्या २१ मिमीच्या फ्रेमा ५० मिमीच्या फ्रेमांपेक्षा मोठ्या का आल्या?

हा या पानाचा गाभा आहे, म्हणून सावकाश सांगतो.

फिल्म गेटच्या कडेला अगदी चिकटलेली नसते. ती दोन गुळगुळीत रुळांवर टेकते आणि गेटची कड त्या रुळांपेक्षा किंचित खोल, लेन्सच्या बाजूला असते. म्हणजे कड आणि फिल्म यांच्यात लहानशी फट राहते. निगेटिव्हवर दिसणारी फ्रेमची सीमा ही गेटची कड नसून त्या कडेची फिल्मवर पडलेली सावली असते.

सावली कशी वागते ते आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. वीज गेल्यावर मेणबत्तीपुढे हात धरून भिंतीवर हरीण-ससे केलेले आठवा. मेणबत्ती लांब असली की सावली हाताएवढीच पडते. मेणबत्ती हाताजवळ आणली की भिंतीवरचा पंजा एकदम पसरतो, हात मात्र जागचा हललेला नसतो. आता हाताऐवजी मधोमध चौकोन कापलेला पुठ्ठा धरा. मेणबत्ती जवळ आणाल तसा भिंतीवरचा उजेडाचा चौकोन मोठा होईल.

कॅमेऱ्यात मेणबत्तीची जागा लेन्सकडे असते. लेन्स काढून मागच्या बाजूने तिच्यात पाहिलं तर उजेडाचं एक गोल भोक दिसतं; अॅपर्चर लहान-मोठं केलं की तेही लहान-मोठं होतं. मी त्याला झरोका म्हणतो. फिल्मवर येणारा सगळा उजेड जणू या झरोक्यातून येतो. झरोका फिल्मपासून लांब असेल तर किरण गेटच्या कडेवरून जवळपास सरळ जातात आणि फ्रेम गेटएवढीच उमटते. झरोका फिल्मला खेटून असेल तर किरण तिरके जातात, कडेच्या आडोशालाही थोडे शिरतात आणि फ्रेम चारही बाजूंनी फुगते. अनेक वाइड लेन्समध्ये झरोका फिल्मच्या अगदी जवळ असतो. अनेक म्हटलं, सगळ्यांत नव्हे, ते प्र. ६ मध्ये.

५. फरक किती पडतो? मिलिमीटरमध्ये सांगा.

सूत्र सोपं आहे. झरोका ते फिल्म हे अंतर घ्या. त्यातून गेट आणि फिल्ममधली फट वजा करा. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागा आणि आलेल्या उत्तराने गेटचं माप गुणा.

गेट नेमकं ३६ मिमीचं आणि फट अर्धा मिमी आहे असं समजू. झरोका १०० मिमीवर असेल, म्हणजे टेलीसारखा (लांबचं जवळ आणणाऱ्या लेन्ससारखा), तर फ्रेमची लांबी ३६.१८ मिमी येते. ५० मिमीवर असेल तर ३६.३६. आणि २१ मिमीवर असेल तर ३६.८८. उंचीलाही हाच गुणाकार लागतो, म्हणून २४ ची २४.५९ होते.

हे दशांश किरकोळ वाटतील, पण त्यांना जागाही तेवढीच अपुरी आहे. ३५ मिमी फिल्म दर फ्रेमला आठ भोकं पुढे सरकते. दोन भोकांमधलं अंतर ४.७५ मिमी, म्हणजे एका फ्रेमच्या वाट्याला ३८ मिमी आले. त्यात ३६ ची फ्रेम बसली की मध्ये दोन मिमीची पट्टी उरते. फ्रेम ३६.८८ ची झाली की पट्टी १.१२ वर येते, जवळपास निम्मी. उंचीतही तसंच. भोकांच्या दोन रांगांमध्ये सुमारे २५.४ मिमी जागा असते. २४ ची फ्रेम वर-खाली ०.७ मिमी सोडते, फुगलेली फ्रेम फक्त ०.४ मिमी. म्हणून काही निगेटिव्हवर चित्र भोकांना टेकल्यासारखं दिसतं.

तुमच्या कॅमेऱ्याची फट आणि गेटचं माप थोडं वेगळं असेल, त्यामुळे आकडेही थोडे हलतील. दिशा बदलणार नाही.

६. माझी २८ मिमी लेन्ससुद्धा वाइडच आहे, पण तिच्या फ्रेमा ५० सारख्याच येतात. असं कसं?

तुमचा कॅमेरा बहुधा एसएलआर आहे. एसएलआरमध्ये लेन्स आणि फिल्म यांच्यामध्ये आरसा हलतो, त्याला जागा लागते. निकॉन एफ माउंटमध्ये लेन्स बसते ती कडी फिल्मपासून ४६.५ मिमी दूर असते. २८ मिमीची साधी, पुढून-मागून सारखी लेन्स बनवली तर तिचा झरोका फिल्मपासून साधारण २८ मिमीवर येईल, म्हणजे आरशाच्या वाटेत. यावर तोड म्हणून पुढे मोठी उजेड फाकवणारी काच लावून लेन्सचा मागचा भाग लांब ढकलतात. या रचनेला रेट्रोफोकस म्हणतात. पिएर आंजेन्यू यांच्या कंपनीने १९५० मध्ये काढलेल्या ३५ मिमी लेन्सचं ते नाव होतं, पुढे तेच सगळ्या जातीला चिकटलं. अशा लेन्समध्ये दृश्य वाइडचं मिळतं, पण झरोका नॉर्मल लेन्सच्या आसपास राहतो. म्हणून फ्रेमही नॉर्मलसारखी.

रेंजफाइंडरमध्ये, म्हणजे लेन्समधून न पाहता वेगळ्या खिडकीतून पाहायच्या कॅमेऱ्यात, आरसा नसतो. लायका एम माउंटची कडी फिल्मपासून २७.८ मिमीवर असते आणि लेन्स त्याच्याही आत घुसू शकते. झाइसची २१ मिमी बायोगॉन किंवा लायकाची २१ मिमी सुपर अँग्युलॉन हातात घेतलीत तर मागची काच कडीच्या बरीच बाहेर आलेली दिसेल. फ्रेम फुगवण्यात याच लेन्स पुढे असतात. निकॉन एफसाठीही सुरुवातीला अशी एक २१ मिमी एफ/४ होती. आरसा वर अडकवून ठेवल्याशिवाय ती लागतच नसे आणि बघायला वेगळा फाइंडर जोडावा लागे.

थोडक्यात, लेन्सवरच्या मिमीच्या आकड्यावरून अंदाज बांधू नका. लेन्स काढून तिची मागची काच कुठवर येते ते पाहा.

७. काय ओ, दोन फ्रेममधली पट्टी निम्मीच राहिलीय. कॅमेरा गेला का?

लगेच दुरुस्तीला पळू नका. आधी तो रोल टेबलावर आडवा पसरा आणि कुठली फ्रेम कुठल्या लेन्सने काढली ते आठवा.

पट्टी बारीक आहे, पण वाइडच्या सगळ्या फ्रेमांमध्ये सारखीच बारीक आहे आणि लेन्स बदलल्यावर पुन्हा रुंद झाली आहे? मग कॅमेरा ठणठणीत आहे. एका बाजूला वाइडची आणि दुसऱ्या बाजूला टेलीची फ्रेम असेल तिथली पट्टी दोन्हींच्या मधली असेल, तेही बरोबरच.

पट्टी एकाच लेन्सच्या फ्रेमांत कधी बारीक, कधी रुंद होत असेल, किंवा फ्रेमा एकमेकींवर चढल्या असतील, तर दोष फिल्म ओढणाऱ्या यंत्रणेत आहे. दातेरी चाक, क्लच किंवा नीट न अडकवलेला रोल, यांपैकी काहीतरी. तिथे लेन्सचा संबंध नाही. याला एक अपवाद आहे, तो प्र. १४ मध्ये.

माझ्या ओळखीच्या एका मुलाने अशा बारीक पट्टीपायी रेंजफाइंडर दुरुस्तीला दिला होता. कॅमेरा परत आला तेव्हा त्याचं अंतर दाखवणारं जुळवण हललेलं होतं आणि पट्टी होती तशीच होती. खरा उपाय एवढाच होता की त्याच रोलवरच्या ५० मिमीच्या फ्रेमा शेजारी ठेवून पाहायच्या.

८. घरी मोजायचं कसं?

सगळ्यात सोपी पट्टी निगेटिव्हवरच आहे. फिल्मच्या कडेचं भोक फिल्मच्या लांबीच्या दिशेने जवळपास दोन मिमी असतं, अचूक सांगायचं तर १.९८. दोन फ्रेममधली नेहमीची पट्टीही साधारण तेवढीच. म्हणून पट्टी भोकाएवढी रुंद असेल तर फ्रेम ३६ ची, पट्टी भोकाच्या निम्मी असेल तर फ्रेम ३७ च्या घरात.

त्याहून बारकाईने पाहायचं असेल तर सोलापूरकरांची सोय घरातच आहे. चादरी-टॉवेलच्या कारखान्यांत कापडाचे धागे मोजायला घडीचं छोटं भिंग असतं, खालच्या चौकटीवर मापाच्या खुणा असलेलं. पूर्व भागात ज्यांच्या घरी माग आहेत त्यांच्या कपाटात ते सापडेलच. निगेटिव्ह उजेडाच्या काचेवर ठेवा, वर हे भिंग ठेवा आणि खुणा वाचा. मी गेली अनेक वर्षं हेच वापरतो. धागे मोजणाऱ्या काकांनी पहिल्यांदा ते हातात दिलं तेव्हा म्हणाले होते, डोळा खालच्या काठावर ठेव, मध्यावर नको. निगेटिव्हलाही तेच लागू पडतं.

मोजण्यासाठी कडा उजळ असलेल्या फ्रेमा निवडा. दुपारचं आकाश कडेपर्यंत असेल तर निगेटिव्हवर ती कड काळी, स्पष्ट येते. होम मैदानावरच्या रात्रीच्या दारूकामाच्या फ्रेमांना कडच दिसत नाही; तिथे अंधार आणि मधली पट्टी दोन्ही सारख्याच कोऱ्या असतात.

९. काही फ्रेमांची कड धारदार, काहींची धुरकट. लेन्स तीच होती.

अॅपर्चर वेगळं असणार. झरोका मोठा असेल तर कडेची सावली मऊ पडते, लहान असेल तर कडक. ट्यूबलाइटखाली हाताची सावली कशी पुसट पडते आणि लहान टॉर्चसमोर कशी रेखीव, तसंच. धुरकट पट्ट्याची रुंदी साधारण फट भागिले एफ-नंबर (अॅपर्चरचा आकडा; तो मोठा तितकं भोक लहान) एवढी असते. अर्ध्या मिमीच्या फटीला एफ/२ वर पाव मिमी, एफ/१६ वर फक्त ०.०३.

याची उत्तम परीक्षा पिनहोलने होते. बॉडी कॅपला सुईने भोक पाडून फोटो काढा. भोक हाच झरोका, आणि तो किती दूर आहे ते तुम्हाला माहीत. फ्रेमच्या कडा चाकूने कापल्यासारख्या येतात.

गेटच्या कडेला अडकलेला तंतूही अॅपर्चर बंद केल्यावर स्पष्ट उमटतो. यंत्रमागांच्या वस्तीत हवेत कापूस असतो, त्यामुळे रोल भरण्याआधी गेटवर हवेचा फुगा मारण्याची सवय लावून घ्या.

१०. फुगलेल्या फ्रेममध्ये जास्तीचं दृश्यही येतं का? फाइंडरमध्ये तर दिसत नाही.

येतं, आणि ते खरंखुरं दृश्य असतं. दहा मीटरवर २१ मिमी लेन्सने ३६ मिमीच्या फ्रेममध्ये १७.१४ मीटर रुंदी मावते, ३६.८८ मध्ये १७.५६. दोन्ही कडांना मिळून सुमारे ४२ सेमी. सिद्धेश्वर मंदिर तलावापलीकडून घेताना एवढ्याने काही बिघडत नाही, पण नवी पेठेत गर्दीत फोटो काढताना कोणाचं तरी अर्धं कोपर कडेला शिरतं ते यामुळेही.

मोठा वाटा मात्र फाइंडरचा असतो. निकॉन एफएम२ चा फाइंडर फ्रेमचा ९३ टक्के भागच दाखवतो, निकॉन एफ३ चा पूर्ण. जुन्या झेनिट ई मध्ये तर २० × २८ मिमीएवढंच दिसतं. म्हणजे कडेला अनाहूत काही आलं असेल तर आधी फाइंडरकडे बघा, मग लेन्सकडे.

११. स्कॅन करताना, पट्ट्या कापताना काय काळजी घेऊ?

कापण्याची काळजी सगळ्यात जास्त घ्या, कारण कापलेलं परत जोडता येत नाही. एकदा माझा यात्रेचा एक रोल बाहेरगावच्या लॅबमध्ये धुवायला गेला होता. पट्ट्या यंत्राने कापल्या गेल्या आणि अक्षता सोहळ्याची (यात्रेतल्या लग्नविधीची) एक फ्रेम कडेवरून अर्धा मिमी छाटली गेली. सम्मती कट्ट्याजवळचा तो क्षण पुढच्या वर्षापर्यंत परत येणार नव्हता. तेव्हापासून वाइडचे रोल मी ‘कापू नका’ असं लिहूनच देतो आणि घरी भिंगाखाली कात्री चालवतो. रात्रीच्या फ्रेमांत पट्टी दिसत नसेल तर उजळ फ्रेमपासून आठ-आठ भोकं मोजत या.

स्कॅनरच्या होल्डरची खिडकी आणि एनलार्जरचा कॅरिअर (निगेटिव्ह धरणारी चौकट) सहसा २४ × ३६ किंवा त्याहून किंचित लहान असतात, त्यामुळे फुगलेली कड आपोआप झाकली जाते. स्लाइडच्या माउंटची खिडकी तर सुमारे २३ × ३४ मिमीच असते. पूर्ण फ्रेम काळ्या चौकटीसकट छापायची असेल तर कानसलेला, मोठा केलेला कॅरिअर लागतो. त्यात वाइडच्या फ्रेमची चौकट थोडी बारीक आणि अॅपर्चर उघडं असेल तर मऊ येईल. मला ती मऊ कड आवडते. फोटो कुठल्या लेन्सने काढला ते ती सांगते.

१२. १२० च्या कॅमेऱ्यातही हे होतं का?

होतं. १२० म्हणजे ३५ मिमीपेक्षा रुंद रोल फिल्म. तिच्यावरची सहा बाय सहाची फ्रेम खरी ५६ मिमीची असते. हासलब्लाडचा सुपरवाइड कॅमेरा आरशाविना केलेला आहे, कारण त्याची ३८ मिमी बायोगॉन फिल्मला जवळजवळ टेकते. अर्ध्या मिमीच्या फटीचाच हिशेब धरला तर ३८ वरच्या झरोक्याने फ्रेम ५६.७५ होते, ८० वरच्याने ५६.३५. हासलब्लाडच्याच आरशाच्या कॅमेऱ्यांसाठीच्या डिस्टागॉन लेन्स रेट्रोफोकस आहेत, त्यामुळे प्र. ६ चं उत्तर त्यांनाही लागू.

१२० ला भोकं नसतात, पट्टी गुंडाळण्याच्या यंत्रणेवर ठरते आणि ती मुळातच कमी-जास्त होते. म्हणून इथे पट्टी मोजून निष्कर्ष काढू नका, फ्रेमच मोजा. आजोबांचा अॅग्फा क्लिक थ्री काढला असेल तर त्याची लेन्स बदलतच नाही, सगळ्या फ्रेमा एका मापाच्या येतील.

१३. पुढे स्क्रू करायचा ०.५ पट वाइड कन्व्हर्टर लावला, दृश्य दुप्पट आलं, पण फ्रेम फुगली नाही. का?

कारण झरोका हलला नाही. तो अॅपर्चरच्या मागच्या काचांवर ठरतो आणि कन्व्हर्टर पुढे लागतो. दृश्य वाढणं आणि फ्रेम फुगणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत याचा याहून चांगला पुरावा नाही.

उलट मागच्या बाजूने काही लावलंत तर फरक पडतो. एक्स्टेन्शन ट्यूब (कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये बसणारी पोकळ नळी) लावली की लेन्स फिल्मपासून दूर जाते आणि फ्रेम किंचित आकसते. जवळचं फोकस केल्यावर लेन्स पुढे सरकते तेव्हाही तसंच. झूममध्ये झरोका झूमनुसार हलतो. कुठे किती, ते रचनेवर अवलंबून. एसएलआरच्या झूममध्ये हा फरक भिंगाशिवाय सहसा कळत नाही.

१४. शिफ्ट लेन्सने फ्रेमचं काय होतं?

ही मला सगळ्यात आवडणारी भानगड आहे. इंद्रभुवनसारखी इमारत सरळ रेषांत घ्यायची तर कॅमेरा वर न झुकवता लेन्सच वर सरकवतात. निकॉनची ३५ मिमी पीसी लेन्स ११ मिमीपर्यंत सरकते. लेन्स सरकली की झरोकाही सरकतो, म्हणून फ्रेम एका बाजूला जास्त फुगते आणि दुसऱ्या बाजूला तेवढीच कमी. एकूण माप तेच राहतं, चौकोन मात्र फिल्मवर घसरतो. झरोका ४० मिमीवर आणि फट अर्धा मिमी धरली तर ११ मिमीच्या शिफ्टला ०.१४ मिमी.

कॅमेरा आडवा धरून वर शिफ्ट केलंत तर चौकोन भोकांच्या दिशेने सरकतो. पण कॅमेरा उभा धरलात तर वरची दिशा फिल्मच्या लांबीची होते आणि शेजारची पट्टी एका बाजूला बारीक, दुसऱ्या बाजूला रुंद होते. प्र. ७ मध्ये म्हटलेला अपवाद हाच: लेन्स एकच, पट्टी असमान, आणि तरी कॅमेऱ्यात दोष नाही.

१५. वाइडमध्ये कोपरे काळे पडतात, म्हणजे फ्रेम लहान झाली का?

नाही. तिरका उजेड कोपऱ्यांत मंद पडतो. फिल्मच्या जवळ बसणाऱ्या २१ मिमीमध्ये कोपऱ्याला मधल्यापेक्षा जवळपास दोन स्टॉप कमी, म्हणजे साधारण पाव, उजेड पोचतो. कड तिथेच असते, फक्त फिकट असते आणि भिंगाखाली दिसते. वाइडवर दोन फिल्टर एकावर एक चढवले किंवा चुकीचा हुड लावला तरी कोपरे जातात. त्याचा गेटशी संबंध नाही.

गोल फिशआय मात्र खरा अपवाद. निकॉनच्या ८ मिमी फिशआयची प्रतिमा सुमारे २३ मिमी व्यासाचा गोल असते, २४ मिमीच्या गेटच्या आतच संपते. तिथे सीमा लेन्स ठरवते, गेट नाही.

१६. हाफ फ्रेमच्या कॅमेऱ्यात?

तिथे जास्त जाणवतं. हाफ फ्रेम १८ × २४ ची आणि फिल्म चार भोकं, म्हणजे १९ मिमी सरकते. मुळातच पट्टी एक मिमीची. १९५९ चा ऑलिम्पस पेन २८ मिमी लेन्सचा आहे; प्र. ५ चं सूत्र झरोका २८ वर धरून लावलं तर फ्रेम १८.३३ आणि पट्टी ०.६७ येते. म्हणजे जुन्या पेनच्या रोलवर पट्टी बारीक दिसली तर ती बहुधा तशीच असायची आहे. फिरत्या लेन्सच्या पॅनोरमा कॅमेऱ्यांना हा हिशेब लागू नाही, त्यांत लेन्ससोबत उजेडाची अरुंद चीर फिरते आणि फिल्म वळवलेली असते.

१७. गेट थोडं कानसून लहान-मोठं करून घेऊ का, म्हणजे सगळ्या फ्रेमा सारख्या येतील?

कृपा करून नको. गेट कमी-जास्त केल्याने सगळ्या लेन्सच्या फ्रेमा एकत्र बदलतील, त्यांच्यातला फरक तसाच राहील. वर कानशीचा कीस शटरमध्ये जातो आणि रुळावर बारीकसा ओरखडा आला तरी तो पुढच्या प्रत्येक रोलवर शेवटपर्यंत रेघ ओढत जातो. सारख्या फ्रेमा हव्या असतील तर स्कॅन झाल्यावर कडा छाटा, निगेटिव्ह आहे तशी राहू द्या.